वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा न्यायालयात वकिली करताना बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त सांभाळणाऱ्या संस्थेपुढची, कामं मी दोन्ही बाजूंनी केली आहेत. कधी दुखावलेल्या अशिलाचा तक्रार अर्ज लिहून दिला, तर कधी नोटीस आलेल्या वकीलमित्राचा खुलासा. टेबलापलीकडचा माणूस बदलतो, प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधार १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचा आणि त्याखालच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही कारवाई तुमची बिघडलेली केस दुरुस्त करण्यासाठी नसते. 'या माणसाच्या हातात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, ठेवावी की नाही', एवढाच प्रश्न तिथे असतो. बऱ्याच तक्रारी हे न कळल्यामुळे फसतात.

तक्रार नेमकी कुठे करायची? कोर्टात, बार असोसिएशनकडे की बार कौन्सिलकडे?

बार कौन्सिलकडे. बार असोसिएशन ही त्या त्या कोर्टातल्या वकिलांची संघटना. बाररूम, ग्रंथालय, निवडणुका, निरोप समारंभ हा तिचा संसार. अध्यक्षांना भेटून कधी कधी अडकलेली फाइल परत मिळते, त्यामुळे तिथे जाण्यात गैर काही नाही. पण सनदेला हात लावण्याचा अधिकार असोसिएशनला नाही.

तो न्यायाधीशांनाही नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या खटल्यात सांगून टाकलं की, अवमानाची शिक्षा म्हणून खुद्द सुप्रीम कोर्टालाही वकिलाची सनद निलंबित करता येत नाही. कायद्याने ते काम बार कौन्सिलकडे दिलं आहे. एखाद्या वकिलाच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना काही करायचं असेल, तर तेही कौन्सिलकडे कळवतात.

ज्या राज्याच्या यादीत वकिलाचं नाव आहे, त्या राज्याच्या कौन्सिलकडे तक्रार जाते. महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांच्यासाठी एकच कौन्सिल आहे आणि तिचं कार्यालय मुंबईत, फोर्टमध्ये हायकोर्टाच्या परिसरात आहे. वकिलाचा नोंदणी क्रमांक बहुतेक वेळा वकीलपत्रावर सापडतो. आपल्याकडच्या वकिलांचा क्रमांक 'एमएएच' या अक्षरांनी सुरू होतो. वकील सोलापुरात प्रॅक्टिस करतो पण सनद कर्नाटकची आहे असं निघालं, तर तक्रार कर्नाटकातच करावी लागते.

पण तिथेही सगळे वकीलच ना? एक वकील दुसऱ्याविरुद्ध निकाल देईल?

हा प्रश्न मला प्रत्येक तक्रारदाराने विचारला आहे. काहींनी तोंडावर, काहींनी आडून.

तक्रारीची सुनावणी कौन्सिलची शिस्तपालन समिती करते. ती तीन जणांची असते आणि तिघेही वकील असतात. दोघे कौन्सिलच्या निवडून आलेल्या सदस्यांपैकी, तर तिसरा कौन्सिलबाहेरचा, किमान दहा वर्षं वकिली केलेला. त्यांच्यात जो वकिलीत सर्वांत ज्येष्ठ तो अध्यक्ष. समितीसमोरच्या सुनावणीची नोटीस राज्याच्या महाधिवक्त्यांना, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलांनाही जाते. त्यांना हजर राहून बाजू मांडता येते आणि निकाल पटला नाही तर अपीलही करता येतं.

माझं मत विचाराल तर, 'वकील वकिलाला वाचवतो' ही शंका पूर्ण खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो. समितीसमोर येईपर्यंत ज्याची कागदपत्रं भक्कम आहेत, त्याला तिथे बसलेले वकील सहसा सोडत नाहीत. पैसे खाल्लेला वकील सगळ्यांचंच नाव घालवतो, याची चीड वकिलांना बाहेरच्यांपेक्षा जास्त असते. खरी अडचण ढिलाईची असते. कौन्सिलचे सदस्य निवडणुकीतून येतात, त्यांची स्वतःची प्रॅक्टिस असते, बैठका लांबतात आणि तारखा पडत जातात.

कशाकशाला गैरवर्तन म्हणतात?

कायद्याच्या ३५व्या कलमात 'व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन' एवढेच शब्द आहेत, व्याख्या नाही. मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाने काय करावं आणि काय करू नये हे सविस्तर लिहिलं आहे. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवला पाहिजे. ज्याची बाजू घेतली, त्याच प्रकरणात उलटून समोरच्याकडून उभं राहता येत नाही. अशिलाच्या दाव्यात हिस्सा विकत घेता येत नाही. ज्या दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीच्या कामात) आपण वकील आहोत, तिच्यातल्या लिलावात बोली लावता येत नाही. अशिलाला कर्ज देता येत नाही. कामाची जाहिरात करता येत नाही. काम मधेच सोडायचं तर सबळ कारण आणि पुरेशी पूर्वसूचना लागते, शिवाय न केलेल्या कामाची फी परत द्यावी लागते.

निकालावर अवलंबून असलेली फी हेही गैरवर्तन आहे, हे ऐकून लोक चकित होतात. 'आधी काही देऊ नका, मिळालेल्या रकमेतले इतके टक्के द्या' हा सौदा अपघाताच्या भरपाईत किंवा भूसंपादनाच्या कामात अशिलाला सोयीचा वाटतो. नियमाने त्याला बंदी आहे.

प्रत्यक्षात गंभीर प्रकरणं पैशाभोवती फिरतात. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीचं एक प्रकरण मी नवीन वकिलांना नेहमी सांगतो. एका म्हाताऱ्या, निरक्षर शेतकऱ्याची जमीन सरकारने घेतली आणि मोबदल्याचे ८,११८ रुपये कोर्टात जमा झाले. त्याच्या वकिलाने १९८७ मध्ये अर्ज करून ती रक्कम उचलली आणि स्वतःकडे ठेवली. तक्रार झाल्यावर म्हणाला, फी वजा करून बाकीचे दिले. पुढे शेतकऱ्याच्या नावाने 'आमचं मिटलं' असं प्रतिज्ञापत्र हजर झालं आणि तेही बनावट निघालं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने तीन वर्षांचं निलंबन दिलं. वकील अपिलात सुप्रीम कोर्टात गेला आणि २००२ मध्ये कोर्टाने शिक्षा कमी करण्याऐवजी त्याचं नाव यादीतूनच काढून टाकलं. आठ हजार रुपयांपायी सनद गेली.

दुसरा नमुना कोऱ्या सह्यांचा. राजस्थानातल्या एका घरमालक-भाडेकरू दाव्यात वकिलाने आधीच सह्या घेऊन ठेवलेले कोरे कागद आणि कोरं वकीलपत्र वापरून अशिलाला न विचारता तडजोड दाखल केली. २००० सालाच्या अखेरीस ते प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघालं आणि पाच वर्षांचं निलंबन कायम राहिलं. 'इथे, इथे आणि इथे सही करा' म्हणत पुढे सरकवलेल्या कागदांत एखादा कोरा असेल, तर सही करण्याआधी त्यावर आडवी रेघ मारा. वकील रागावला तर रागावू द्या.

आपल्या मुंबईचाही एक निवाडा या विषयात कायम घेतला जातो. फौजदारी कोर्टाच्या दारात उभं राहून, येणाऱ्या पक्षकारांवर धावून, एकमेकांना ढकलत कामं ओढून घेणाऱ्या वकिलांविरुद्ध महाराष्ट्राच्या कौन्सिलने कारवाई केली होती. दिल्लीच्या, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने ती रद्द केली, तेव्हा राज्य कौन्सिल स्वतः सुप्रीम कोर्टात गेली. १९७५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की व्यवसायाची शिस्त सांभाळणारी संस्था म्हणून कौन्सिललाही अपील करता येतं. आणि अशी झोंबाझोंबी हे गैरवर्तनच, हेही त्या प्रकरणात सुनावलं गेलं. कोर्टाच्या फाटकावर 'काय काम आहे?' म्हणत मागे लागणारं कुणी भेटलं, तर हा निवाडा आठवा.

माझी केस हरली. वकिलाने नीट चालवली नाही. तक्रार करता येईल?

नुसती हरली म्हणून नाही. एखादा साक्षीदार तपासला नाही, एखादा मुद्दा मांडला नाही, युक्तिवाद कमी पडला, हा निर्णयाचा किंवा कौशल्याचा भाग. साधा निष्काळजीपणा आणि गैरवर्तन यांत न्यायालयं फरक करतात. गैरवर्तनाला बेइमानी किंवा अशिलाच्या हिताकडे उघड डोळ्यांनी केलेली पाठ लागते.

पण 'तारखेला मी जातो, तुम्ही येऊ नका' असं सांगून वकील वर्षभर फिरकलाच नाही, दावा गैरहजेरीत निकाली निघाला आणि तरी तो 'केस चालू आहे' म्हणत पैसे घेत राहिला, तर ते केस हरण्यात बसत नाही. इथे रोजनाम्याची नक्कल काढा. कोर्टाचा रोजनामा खोटं बोलत नाही. कोण हजर, कोण गैरहजर, अर्ज कुणी दिला, सगळं तारीखवार मिळतं.

फी बाकी आहे म्हणून वकील फाइल देत नाहीत. हे चालतं का?

नाही. सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये हे निकालात काढलं. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने थकलेल्या बिलापोटी फायली अडकवून ठेवल्या होत्या. कोर्टाने सांगितलं की कागद म्हणजे गहाण ठेवलेला माल नव्हे. फी वसूल करायची तर कायदेशीर मार्गाने करा, पण दुसऱ्या वकिलाकडे जायला निघालेल्या अशिलाची फाइल अडवणं हे गैरवर्तन. त्या वकिलाला समितीने १८ महिन्यांचं निलंबन आणि १,००० रुपये दंड केला होता. मुद्दा तोपर्यंत वादाचा होता हे पाहून सुप्रीम कोर्टाने शिक्षा समजेवर आणली.

फाइल मागताना तोंडी मागू नका. रजिस्टर्ड पोस्टाने दोन ओळींचं पत्र पाठवा आणि पोचपावती जपा. अनेकदा त्या पत्रानेच फाइल घरी येते.

समोरच्या पार्टीच्या वकिलाविरुद्ध तक्रार करता येते का?

करता येते, पण दार अरुंद आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून आणखी अरुंद झालं आहे. मुंबईतल्या एका वकिलाविरुद्ध, ज्याची त्याच्याशी अशील म्हणून कधीच गाठ पडली नव्हती अशा माणसाने तक्रार केली. महाराष्ट्र आणि गोवा कौन्सिलने ती धड कारणं न लिहिता शिस्तपालन समितीकडे पाठवली. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की व्यावसायिक गैरवर्तनाच्या कारवाईसाठी तक्रारदार आणि वकील यांच्यात सर्वसाधारणपणे अशील-वकील असं नातं असायला हवं. कौन्सिललाच ५०,००० रुपये खर्च भरायला लावला. त्याच दिवशी आणखी एक प्रकरण निकाली निघालं. त्यातल्या महिला वकिलाने प्रतिज्ञापत्र करणाऱ्याची फक्त ओळख पटवली होती, मजकुराशी तिचा संबंध नव्हता. तीही कारवाई टिकली नाही.

समोरच्या वकिलाने तुमच्याविरुद्ध कडक दावा लिहिला किंवा उलटतपासणीत टोचून बोलला, तर तो त्याचं काम करत होता. त्याने खोटा दस्त स्वतः तयार केला, साक्षीदाराला पैसे दिले असं काही असेल, तर गोष्ट वेगळी. कायद्यात 'अन्य गैरवर्तन' हे शब्द आहेतच. पण मग तसा पुरावा हातात हवा.

तक्रार मराठीत चालते का? कशी लिहायची?

चालते. राज्यभाषेतली तक्रार घेण्याची तरतूद नियमांतच आहे. प्रकरण दिल्लीला गेलं तर इंग्रजी भाषांतर राज्य कौन्सिलने करून द्यायचं असतं. तक्रार साध्या पत्रासारखी नसावी. दिवाणी दाव्याला असतं तसं शेवटी सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लेखी कथन) आणि सही हवी, सोबत ठरलेली फी भरायची. फीचा आकडा कौन्सिलच्या कार्यालयात विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

लिहिण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरा घोळ इथे होतो.

एक बाई माझ्याकडे सोळा पानी तक्रार घेऊन आल्या होत्या. पहिली आठ पानं वकिलाच्या गाडीवर, बंगल्यावर आणि त्याच्या कारकुनाच्या उद्धटपणावर होती. मग दिरांशी झालेलं भांडण, मग न्यायाधीशांवर संशय. अकराव्या पानावर मधेच एक ओळ होती: 'निकाल लागल्याचे मला सात महिने सांगितले नाही व अपिलाची मुदत गेली.' मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "ताई, तक्रार एवढीच आहे." त्या नाराज झाल्या. त्यांच्या दृष्टीने बंगला महत्त्वाचा होता, कारण त्यात आपले पैसे गेले असं त्यांना वाटत होतं. शेवटी अडीच पानांत अर्ज झाला. वकीलपत्र कधी दिलं, निकाल कधी लागला, त्यानंतर त्यांनी वकिलाला कोणत्या तारखांना फोन आणि मेसेज केले, त्याने काय उत्तर दिलं, आणि निकालाची नक्कल स्वतः काढली तो दिवस.

तारीखवार लिहा. एका परिच्छेदात एकच गोष्ट. विशेषणं गाळा. 'त्यांनी माझी घोर फसवणूक केली' यापेक्षा '१२ जूनला रोख २०,००० घेतले, पावती दिली नाही' हे वाक्य समितीला जास्त काही सांगतं. आरोप नेमका नसेल तर वकिलाला उत्तर तरी कशाचं द्यायचं, असा प्रश्न वरच्या कोर्टात येतो आणि तिथे प्रकरण पडतं.

कोणते कागद जोडायचे? माझ्याकडे फीची पावतीच नाही.

पावती कुणाकडेच नसते, हे आमच्या व्यवसायाचं उघडं गुपित. वकीलपत्राची नक्कल, रोजनामा, निकालपत्र, बँकेचा उतारा, यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअॅपचे संदेश यांतून बरंच उभं राहतं. संदेशांचे नुसते फोटो न देता मूळ मोबाइल जपून ठेवा, पुढे तो मागितला जाऊ शकतो. एका प्रकरणात वकिलाने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे 'पाच हजार पोचले' लिहून तारीख टाकली होती. अशिलाने ते कार्ड देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलं होतं. सगळ्या फाइलमध्ये तोच कागद सर्वांत उपयोगी ठरला.

तक्रार दिल्यावर पुढे काय होतं?

कौन्सिल आधी अर्ज पाहते. तपशील कमी असेल तर तुमच्याकडून मागवते आणि वकिलाकडून म्हणणं मागवते. मग कौन्सिलला ठरवायचं असतं की गैरवर्तन झालं असं मानायला सकृद्दर्शनी कारण आहे का. कारण दिसलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं, नाही तर अर्ज तिथेच निकाली निघतो. ही पायरी पोस्टमनसारखी पार पाडायची नाही, डोकं वापरून आणि कारणं देऊन पार पाडायची, हे सुप्रीम कोर्ट १९८० पासून सांगत आहे. २०२५ च्या निवाड्यात बोट ठेवलं गेलं ते याच जागेवर.

अर्ज इथेच फेटाळला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे कलम ४८-अ खाली पुनरीक्षण, म्हणजे त्या आदेशाची फेरतपासणी, मागता येतं.

समितीपुढची सुनावणी कशी असते?

कोर्टासारखीच, फक्त काळे कोट टेबलाच्या दोन्ही बाजूंना. साक्षीदारांना समन्स काढणं, कागद हजर करायला लावणं, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणं, असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. मात्र एखाद्या न्यायाधीशाला साक्षीला बोलवायचं तर हायकोर्टाची पूर्वपरवानगी लागते. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता किंवा वकील लावू शकता. वकिलाविरुद्ध लढायला वकील मिळतो का? मिळतो. शक्यतो त्याच तालुक्यातला नको.

उलटतपासणीची तयारी ठेवा. समोरचा माणूस आयुष्यभर हेच करत आलेला आहे. एका आजोबांना विचारलं गेलं, "वकीलपत्रावर सही करण्याआधी तुम्ही ते वाचलं होतं का?" आजोबा म्हणाले, "साहेब, तुम्ही लोक कधी वाचायला देता का?" समितीच्या अध्यक्षांनाही हसू आवरलं नाही.

नोटीस मिळूनही कुणी आलं नाही तर समिती एकतर्फी पुढे जाऊ शकते. दोन तारखांना कंटाळून घरी बसू नका.

पुरावा किती लागतो?

दिवाणी दाव्यापेक्षा जास्त. सनद म्हणजे माणसाची रोजीरोटी, म्हणून ही कारवाई जवळपास फौजदारी वळणाची मानली जाते. संशयाचा फायदा वकिलाला मिळतो. तक्रारदारांना हे अन्यायाचं वाटतं, पण उद्या खोट्या तक्रारीवरून तुमच्या मुलीची सनद गेली तर तुम्हीही हेच मागाल.

एका वर्षात निकाल लागतो असं ऐकलं. खरं का?

कायद्यात तसं लिहिलं आहे. कलम ३६-ब प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात राज्याच्या समितीने काम संपवायचं. नाही संपलं तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. वर सांगितलेली लखीमपूर आणि भोपाळची दोन्ही प्रकरणं अशीच दिल्लीला गेली होती.

आता कागदावरची ही सोय व्यवहारात उलटी पडते. साताऱ्याच्या खेड्यातला तक्रारदार एसटीने मुंबई गाठू शकतो. दिल्ली त्याच्या आवाक्यात नसते. विलंबाचा त्रास ज्याला झाला, त्यालाच लांबचा प्रवास पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्य कौन्सिलांना खडसावलं की वर्षाची मुदत पाळा, प्रकरणं वर ढकलू नका, आणि वर आलेली बार कौन्सिल ऑफ इंडियानेही वर्षभरात संपवावीत. तुमच्या प्रकरणात दहा महिने उलटले असतील तर या निवाड्याचा उल्लेख करून लवकर सुनावणीचा लेखी अर्ज द्या.

वकिलाने पैसे परत केले. तक्रार मागे घेतली की संपलं?

नाही. तडजोड झाली किंवा तक्रारदाराला रस उरला नाही, एवढ्याच कारणाने प्रकरण बंद करू नये असा नियम आहे. एकदा अर्ज दिला की प्रश्न तुमच्या दोघांचा राहत नाही, कौन्सिल आणि वकील यांच्यातला होतो. पैसे परत दिल्याचा शिक्षेवर परिणाम होऊ शकतो, इतकंच. चौकशी चालू असताना वकीलच वारले, तर मात्र प्रकरण बंद होतं.

शिक्षा कोणत्या?

समज देणं, ठरावीक काळासाठी निलंबन, किंवा यादीतून नाव काढणं. निलंबन झालं की भारतातल्या कुठल्याच कोर्टात किंवा प्राधिकरणापुढे वकिली करता येत नाही. शिवाय समिती खर्चाचा आदेश देऊ शकते, तक्रारदाराविरुद्धसुद्धा.

माझे पैसे आणि नुकसानभरपाई मिळेल का?

त्यासाठी हा रस्ता नव्हे. ग्राहक आयोगाचा रस्ताही बंद झाला आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १४ मे २०२४ रोजी ठरवलं. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीसाठी दिवाणी दावा करता येतो. केवळ वकील आहे म्हणून कुणाची त्यातून सुटका नाही, हे १९२६ च्या वकील फी कायद्यात लिहून ठेवलं आहे. पैसे हडप केले किंवा बनावट कागद केला असेल तर पोलिसांत गुन्हाही दाखल होऊ शकतो. हे मार्ग बार कौन्सिलच्या तक्रारीसोबत चालू शकतात.

निकाल पटला नाही तर?

आदेश कळवल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुढे पुन्हा ६० दिवसांत सुप्रीम कोर्ट. नुसतं अपील केल्याने निलंबन थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

मी वकील आहे. मला नोटीस आली आहे. काय करू?

पहिल्या रात्री काहीही लिहू नका. दुसऱ्या दिवसापासून मात्र ढिलाई नको. 'असल्या तक्रारी येतच असतात' म्हणून नोटीस ड्रॉवरमध्ये टाकलेले आणि पुढे एकतर्फी आदेशाने हादरलेले वकील मी पाहिले आहेत.

तक्रारदाराला फोन करून दमदाटी किंवा विनवणी करू नका, दोन्ही रेकॉर्ड होतं. खुलासा दुसऱ्याकडून लिहून घ्या, कारण स्वतःच्या केसमध्ये आपण सगळेच वाईट वकील असतो. रोजनामा, फीची नोंदवही, अशिलाला पाठवलेले निरोप आणि फाइल परत केल्याची पोच जोडा. तक्रारदार तुमचा अशील नसेल तर तो मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्या. आणि चूक झाली असेल तर ती मान्य करण्यात कमीपणा नाही. लखीमपूरच्या वकिलाला बुडवलं ते आठ हजारांइतकंच नंतरच्या खोट्या प्रतिज्ञापत्राने.

नोटरी असलेल्या वकिलाने माणूस समोर नसताना शिक्का मारला. तेही बार कौन्सिलकडेच का?

नोटरी म्हणून केलेल्या कामाबद्दल १९५२ चा नोटरी कायदा लागतो आणि तक्रार ज्या सरकारने नेमलं त्याच्याकडे जाते, राज्य किंवा केंद्र. नोटरीच्या शिक्क्यावर बघा, कळतं.

डॉक्टर किंवा सीए यांच्याबाबत हीच पद्धत आहे का?

वळण सारखं, दारं वेगळी. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, सीएंसाठी त्यांच्या इन्स्टिट्यूटचं शिस्तपालन संचालनालय. रुग्णाला मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे, अशिलाला नाही. वकील असूनही हा फरक मला पटत नाही, पण कायदा आज तसा आहे.

तक्रार चालू असताना माझी मूळ केस कोण चालवणार?

दुसरा वकील. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मूळ केस थांबत नाही, तिच्या तारखा पडतच राहतात, म्हणून हे काम तक्रारीच्या आधी करा. नवा वकील आधीच्या वकिलाची ना हरकत मागेल, नियमच तसा आहे. आधीचा वकील सही देत नसेल तर नव्या वकिलामार्फत कोर्टात अर्ज द्या, सही का मिळत नाही ते लिहा आणि कोर्टाची परवानगी घ्या. अर्जाला फाइल मागितल्याच्या पत्राची पोचपावती जोडा. फाइल हातात नसली तरी बिघडत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज केला की दाव्याची, कैफियतीची (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराची) आणि सगळ्या आदेशांची प्रमाणित नक्कल मिळते.